बिनमेणाचा पिकअप

पंखेवाल्या काकांच्या दुकानात ती गेली ती अगदी साध्या कामाला. बेस गिटारचा पिकअप बदलून घ्यायचा होता, एवढंच. भर दुपार होती, रस्त्यावर डोळे दिपवणारं ऊन होतं, शेजारच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. अशा वेळी भुताखेताचा विचार कोणाच्या डोक्यात येणार? तिच्याही आला नाही. तेव्हा तुम्हीही जरा सैल बसा, घाबरायला अजून अवकाश आहे.

तिला सगळे आत्या म्हणत. खरं तर ती आत्या एकाचीच, बँडच्या ड्रमरची. पण तो तालमीत तशी हाक मारायचा, म्हणून गायिका, कीबोर्डवाली, करता करता हॉलचा वॉचमनसुद्धा तिला आत्या म्हणायला लागला. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी बेस वाजवायची. बेस वाजवणाऱ्याचं नशीब तुम्हाला ठाऊक असेल. तो आहे हे कोणाला कळत नाही. नसला तर गाण्यात काहीतरी कमी आहे एवढंच कळतं. आत्याच्या बाबतीत आता तेवढंही कळेनासं झालं होतं.

बँडचा म्होरक्या गिटारवाला होता. हुकूम सोडायची हौस दांडगी, म्हणून त्याचं नाव पडलं होतं सरकार. त्या सरकारने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की शनिवारच्या कार्यक्रमात बेस धड ऐकू आला नाही, तर पुढच्या खेपेपासून तिचं काम कीबोर्डवालीचा डावा हात करेल. त्याचं म्हणणं, बेस नुसता गुरगुरतो, सूर कुठला ते समजत नाही. आत्याला राग आला तो याचा, की तो खरं बोलत होता. तिच्या जागी दुसरा माणूस आला असता तर तिने एक वेळ सोसलं असतं. इथे माणूससुद्धा येणार नव्हता, हात येणार होता, आणि तोही डावा.

तिने आधी प्रीॲम्प बदलून पाहिला होता. प्रीॲम्प म्हणजे गिटारच्या पोटात बसणारं, बॅटरीवर चालणारं लहानसं सर्किट. त्याच्या खुंट्या फिरवून खालचे, मधले, वरचे आवाज कमीजास्त करता येतात. पण झालं काय, आधी जो चिखल होता तोच आता मोठ्याने ऐकू येऊ लागला. मग तिच्या ध्यानात आलं की दुखणं मुळात आहे. तारांखाली जी काळी पट्टी असते, आत चुंबक आणि भोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, तो पिकअपच मेलेला होता. तारा काय बोलतात ते त्यालाच ऐकू येत नव्हतं.

काकांचा धंदा पंख्यांच्या आणि मोटरींच्या वाइंडिंगचा. पिकअप हीसुद्धा शेवटी गुंडाळलेली तारच, म्हणून गिटारवाले त्यांच्याकडे येत. त्यांनी तिच्यासमोर एक खोका ठेवला. आत्याने एकेक पिकअप दुकानातल्या छोट्या ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडून पाहिला. नवे, चकचकीत होते ते गुळगुळीत बोलत आणि लगेच विसरून जात. तळाशी एक जुना होता, कोपऱ्यात तडा गेलेला. काका म्हणाले, एका बंद पडलेल्या थिएटरची अडगळ भंगारात निघाली होती, त्यात आला. त्यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं.

"पण ताई, याला मेण घातलेलं नाही," ते म्हणाले. "वेढे सैल आहेत. असा पिकअप तारांबरोबर खोलीतलंही ऐकतो, त्याचा माईकच होतो. मी मेणात बुडवून देतो, उद्या न्या."

आत्या म्हणाली, आधी बसवा तर खरं. काकांनी सोल्डरचे डाग दिले, तिने तारा चढवल्या आणि सगळ्यात जाड तार छेडली. सूर असा निघाला की शेजारचा पत्रा ठोकणारासुद्धा थांबला. जाड, काळा, आणि तरी त्याची कड धारदार. तिने वर्षानुवर्षं बोटांनी जे वाजवलं होतं ते तिच्या कानांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेण घातलं की आवाज बंदिस्त होतो हे तिला ठाऊक होतं. मेण नको म्हणून ती तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीत वाजवत बसली होती. वरच्या आवाजाची खुंटी तिने अर्ध्याच्या पुढे नेली. तिथे सुराला ती धार येत होती, आणि त्याबरोबर बारीक फुसफुसही. ती गाण्याच्या वहीचं पान उलटायला थांबली. फुसफुशीच्या आतून कोणीतरी म्हणालं, "एक... दोन... तीन..."

पुरुषाचा आवाज, हळू, ताल धरून. गाणं सुरू करण्याआधी मोजतात तसा. तिला वाटलं घरातच राहणारा ड्रमर भाचा दाराआडून गंमत करतोय; मेण नसलेला पिकअप, त्याने ऐकलं असेल. तिने दार उघडलं. बाहेर फक्त वहिनी, धुतलेले कपडे पिळत. भाचा केव्हाच कामाला गेला होता.

ती परत येऊन बसली आणि तारांवर तळहात ठेवून त्या गप्प केल्या. पुन्हा तेच... एक... दोन... तीन... आणि मग श्वास. चार म्हणण्यासाठी घेतात तो श्वास. खोलीत जुन्या मखमली पडद्याचा वास आला, धुळीचा, तापलेल्या दिव्यांचा. श्वास लांबत चालला, लांबत चालला, आणि तिला आतून खात्रीच पटली की चार म्हटलं की काहीतरी बाहेर येणार. तिने केबल उपटली.

"टीव्ही चालू ठेवलास का गं?" वहिनी आत डोकावून म्हणाली. "कोणीतरी मोजत होतं."

म्हणजे ते तिच्या एकटीच्या डोक्यात नव्हतं. हे बरं की वाईट, ते तिला ठरवता येईना. ती दुकानात गेलीच नाही; दिवसभरात तिने तीनदा केबल लावली आणि तीनदा उपटली, आणि दर वेळी तो आवाज आधीपेक्षा जरा जवळून आला.

तालमीला तिने तरी गिटार जोडलीच. पहिलंच गाणं निम्मं झालं आणि सरकारने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत असं झालं नव्हतं. गायिकासुद्धा वळली. गाणं संपलं, सगळे एकदम बोलू लागले आणि त्या गलक्याखाली आवाज सुरू झाला. एक... दोन... आत्याने घाईने खुंटी खाली केली. आवाज थांबला. पण पुढच्या गाण्यात सुराची धारही गेलेली होती, आणि सरकारची मान पुन्हा खाली. खुंटीवर दोघांची जागा एकच होती. तो सूर हवा असेल तर हा आवाजही आलाच.

शुक्रवारी ती काकांकडे गेली आणि म्हणाली, घाला मेण. कारण सांगितलं नाही. सांगून काका हसले असते, नाहीतर हसले नसते, आणि ते जास्त वाईट. त्यांनी डाग सोडवून पिकअप बाहेर काढला. शेगडीवर मेणाचं भांडं होतं, वितळून पाण्यासारखं झालेलं. मेणात जाताना वेढा तुटला तर कळावं म्हणून ते पिकअप छोट्या ॲम्पला जोडून ठेवत. तसा जोडला, दोरीला बांधला आणि भांड्यावर आणला.

"एक दोन... एक... दोन एक..."

ताल गेला होता. तो घाईघाईने, अडखळत मोजत होता, आकडे एकमेकांवर पडत होते. मध्येच श्वास लागल्यासारखं झालं. काकांनी ॲम्पला एक चापट मारली आणि म्हणाले, रेडिओ पकडतोय वाटतं, आत्ता बंद होईल. वाफ पिकअपला लागली तसा आवाज आणखी बारीक झाला.

आत्याला कळलं की तो घाबरलाय. तिला ज्याची भीती वाटत होती, त्यालाच भीती वाटत होती, आणि भीती कसली तर कोणाला ऐकू न जाण्याची. ती भीती तिला चांगलीच ओळखीची होती. सरकारने बाजूला घेऊन सांगितलं तेव्हापासून ती तिच्याच उशाशी झोपत होती.

"काका, थांबा," ती म्हणाली. "काढा त्याला."

काकांनी नक्की का ते विचारलं. नक्की, ती म्हणाली. त्यांनी पुन्हा डाग दिले आणि डोकं हलवत पंख्याकडे वळले.

शनिवारी दुपारचा कार्यक्रम. हॉल लांबट, बिनखिडक्यांचा. दिवे मालवले की दुपार असो की काही असो, आत मिट्ट काळोख. खुर्च्या भरलेल्या. आत्याने खुंटी त्या जागेवर नेली आणि तिथेच सोडली. गाण्यांमागून गाणी झाली, बेस भिंतींना लागून परत येत होता, पुढच्या रांगेतले लोक पायाने ताल धरत होते. मधल्या वेळात तिच्या ॲम्पमधून काही आलं असेल तर टाळ्यांत बुडालं.

शेवटच्या गाण्यात एक जागा होती. सगळे एकदम थांबतात, ड्रमर काठ्या वाजवून चार मोजतो आणि बेस सगळ्यांना परत आत घेऊन येतो. सरकारने ती जागा आधीच कीबोर्डवालीच्या डाव्या हाताला देऊन टाकली होती, जोखीम नको म्हणून. सगळे थांबले. आणि भाच्याच्या हातातून काठी निसटली. ती स्टेजवरून गडगडत खाली गेल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कीबोर्डवाली मोजणीची वाट पाहत हात उचलून बसली. सरकार वळला. शांतता लांबू लागली. लोक चुळबुळ करायला लागले, कोणीतरी हसलं.

"एक..."

सबंध हॉलने ऐकलं. हसणारा गप्प झाला.

"दोन..."

मखमलीचा वास आला. तापलेल्या दिव्यांचा. भाच्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो आत्याकडे बघत होता.

"तीन..."

आणि तो श्वास. केबल तिच्या पायापाशीच होती, एक हिसका पुरला असता. तो श्वास लांबत गेला, आणि या वेळी तिला स्पष्ट कळलं की चार म्हणणं त्याला जमतच नाहीये. इथपर्यंत येतो आणि अडतो. कोण जाणे केव्हापासून अडलाय.

आत्या वाकली, तोंड तारांपाशी नेलं आणि त्या बिनमेणाच्या पिकअपमध्ये शांतपणे म्हणाली, "चार."

तिचा आवाज हॉलभर झाला. त्याच क्षणी तिने जाड तार छेडली आणि तिच्या बोटाबरोबर आणखी कोणाचं तरी वजन त्या सुरावर पडलं. भाच्याने उरलेल्या एका काठीने ढोल फोडायचाच बाकी ठेवला. सरकार, गायिका, कीबोर्डवालीचे दोन्ही हात, सगळे तिच्या मागोमाग आत आले. तिच्या मागोमाग! लोक खुर्च्यांवरून उठले. आत्या हसत होती आणि रडत होती आणि एकही सूर चुकत नव्हती.

नंतर सरकार आला. त्याने कपाळ पुसलं आणि जरा रागानेच म्हणाला की मोजणीचं ते रेकॉर्डिंग लावायचं होतं तर आधी सांगायचं. मग जाता जाता थांबला.

"पुढच्या वेळी कोपऱ्यात नको, आत्या. मधे उभ्या राहा."

डाव्या हाताचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

हॉल रिकामा झाला. भाचा ड्रम उचलून गाडीकडे गेला, वॉचमनने खुर्च्यांवरचे दिवे मालवले. स्टेजवर एकटी आत्या, गिटारची केबल अजून लावलेलीच. ॲम्प बंद करायला तिने हात पुढे केला, तर आतून बारीक सरसर ऐकू आली. तिने कान दिला. टाळ्या होत्या. एकाच्या नाहीत, या हॉलमध्ये मावले नसते इतक्या लोकांच्या. काही तर वरच्या बाजूने, बाल्कनीतून आल्यासारख्या. या हॉलला बाल्कनी नव्हती. त्या टाळ्यांतून कोणीतरी ओरडलं, वन्स मोअर. मग आणखी कोणी.

पळून जायला हवं, हे तिला कळत होतं. पण इतक्या वर्षांत तिला कोणी वन्स मोअर दिला नव्हता. तिने गिटार पुन्हा गळ्यात घातली, अंधाराकडे तोंड केलं आणि ती जागा पहिल्यापासून वाजवली, एकटीने, कुठेही घाई न करता. शेवटचा सूर विरेपर्यंत तिने तार सोडली नाही.

मग तिने आवाजाची खुंटी शून्यावर आणली आणि ॲम्प बंद केला. त्यानंतर टाळ्या पडल्या. समोरच्या खुर्च्यांतून, पहिल्या रांगेपासून पार शेवटच्या रांगेपर्यंत.

आत्याने वाकून नमस्कार केला, आणि मान वर करायचं धाडस तिला बराच वेळ झालं नाही.