तिसरी ओळ

कणकवली स्टँडवर माझ्या मांडीवरचं खोकं बघून तो थबकला. आत बाबांचा जुना कॉम्प्युटर होता – टीव्हीला जोडायचा, फ्लॉपीवर चालणारा, आता बंद पडलेला.

"भंगारात घालूक चललंस? पाप लागात गो!"

"पाप माझा. तू कोण?"

"प्रितेश. असलीच मढी जिती करतंय मी."

मेल्याचं हसू मात्र गोड होतं... त्याला पत्ता देऊन मी खोक्यासकट घरी परतले.

रविवारी भर दुपारी तो तारकर्लीला आमच्या घरी आला आणि कॉम्प्युटर टीव्हीला जोडून चालू केला. आई मागच्या परड्यात होती. वारा पडलेला, माडाची एकही झावळी हलत नव्हती.

बाबा होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. दोन वर्षं झाली. त्यांनी लिहिलेलं एक तरी वाक्य वाचायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. पण सगळ्या फ्लॉप्यांना बुरशी! एकही उघडेना. मला रडूच फुटलं.

प्रितेश गडबडला. "रडा नको गो. नवी फ्लॉपी घालूया. हो कॉम्प्युटर जागो झालो की पयली एक फाईल वाचता, आणि तिच्यातल्यो ओळी एकेक करून पडद्यार दाखयता. सुरवातीक काय लिवू?"

"गाऱ्हाणा," मी नाक पुसत म्हटलं. देवाला गाऱ्हाणं घालून प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हटल्याशिवाय आमच्याकडे होडीसुद्धा पाण्यात जात नाही.

तो हसला, पण इंग्रजी अक्षरांत मालवणी टाइप करत बसला. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. खर्र... खर्र...

'बा देवा म्हाराजा, अनुजाच्या घराक सुखी ठेव.'

"होय म्हाराजा!" आम्ही दोघं.

'तिचो बापूस जंय आसात, थंय सुखात ऱ्हवांदे.'

"होय म्हाराजा..." मी डोळे मिटून म्हटलं.

मग तिसरी ओळ उमटली.

'सुंगटा, ह्या झिलाक चाय दिलंस?'

प्रितेशनं मान खाली घातली. "चायची ओळ माझी... माका चाय मिळात, थांबाक निमित्त होया होता. त्या दिसापासून माका तूच दिसतंस. रागावलंस?"

राग कसला! मी त्या ओळीच्या पहिल्या शब्दावरच अडकले होते. लहानपणी मी अंग मुडपून झोपायचे, म्हणून बाबा मला सुंगटा म्हणत – कोळंबी. ते नाव त्यांच्याबरोबरच गेलं होतं.

"सुंगटा कित्याक लिवलंस?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "मी... अनुजा लिवलंय."

त्यानं फाईल उघडली. तिच्यात 'अनुजा'च होतं.

"मी जाव?" त्यानं हळूच विचारलं.

"गप बस! चाय घेतल्याशिवाय खंय जातंस? बाबांनी इचारल्यानी ना?" मला भीती वाटत होती, आणि तो जाऊ नये असंही फार वाटत होतं. "आणि... माका पण तूच दिसतंस."

"होय म्हाराजा," मी पडद्याला म्हटलं, आणि चुलीवर चौघांचं आधण ठेवलं – आम्हा दोघांचं, आईचं आणि बाबांचं.