पाण्याची शीव

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईतल्या नाहूरची अर्धी सोसायटी कोकणात जाते. जयवंत परबाने मात्र राजस्थान काढलं. ते साल पंच्याऐंशी. ऑफिसची एलटीसी, म्हणजे प्रवासभाड्याची सवलत, त्या वर्षी बुडणार होती, शाळेला सुट्टी मे महिन्यातच, आणि जेसलमेरजवळच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात माळढोक पक्षी दिसतो हे त्याने कुठेसं वाचलेलं. झालं! जुनी फियाट धुतली, पुढे बायको शेवंती, मागे नऊ वर्षांची अनुपमा, डिकीत पाण्याचे दोन कॅन, आणि निघाली वरात.

"मे महिन्यात वाळवंटात मरायला कोण जातं का?" असं शेवंतीने विचारून घेतलं होतं. पण घाबरून नव्हे. घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सोसायटीचं पाणी बंद झालं तेव्हा चेअरमनच्या दारात रिकाम्या बादल्या मांडून बसलेली ही बाई. माणसाला ती भीत नसे, आणि माणूस नसलेल्यालाही नाही.

कुडाळकडच्या माहेराहून तिने एक रीत आणली होती. उघड्यावर जेवायला बसलं की पहिला घास आणि पेलाभर पाणी जागेवाल्याला ठेवायचं. जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार, डोळ्यांना न दिसणारा. त्याला सांगायचं, शिवेपर्यंत सोबत कर आणि तिथून माघारी फिर. मुंबई सोडल्यापासून प्रत्येक जेवणाला तिने हे केलं होतं आणि जयवंत प्रत्येक वेळी हसला होता.

उद्यानात बरंच आत गेल्यावर भर दुपारी रेडिएटर उकळला.

"वाट लागली," जयवंत म्हणाला. एक कॅन त्यातच रिकामा झाला. आसपास एकच खेजडीचं झाड होतं, काटेरी, नावापुरती सावली देणारं. इंजिन थंड होईपर्यंत तिथे बसून त्यांनी दशम्या सोडल्या. शेवंतीने रीतीप्रमाणे दशमीचा तुकडा आणि पाण्याने भरलेला पेला बाजूला ठेवला.

"जो कोण असशीत तो जेव," ती म्हणाली, "आणि आमका सोबत कर."

पुढचं वाक्य ओठांवर होतं, तेवढ्यात जयवंत ओरडला, "माळढोक! अनु, बघ, तिकडे बघ!"

सगळे धावले. माळढोक कसला, गरम हवेत हलणारं झुडूप होतं ते. हसत परत आले, तर पेला रिकामा. आतून ठणठणीत कोरडा. उन्हाने सुकलं असेल असं म्हणून शेवंतीने तो पिशवीत टाकला. माघारी फिर, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

गाडी सुरू झाली, तशी अनुपमा खिडकीला चिकटून बसली.

"एवढी कोपऱ्यात काय सरकलीस गं?"

"मग त्यांना जागा नको?"

"कुणाला?"

अनुपमा आणखी कोपऱ्यात सरकली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, पाणी..."

शेवंतीने बाटली दिली. ती संपली, दुसरी भरून दिली, तीही संपली. तरी पोरीचे ओठ तडकतच चालले होते. गाडीत रिकाम्या भांड्याखाली जाळ राहिला की येतो तसा करपट वास भरला. बाहेर वारा नव्हता, पाखरू नव्हतं. त्या शांततेत शेवंतीला ऐकू आलं. अनुपमा एक घोट घेत होती आणि घुटके दोन वाजत होते.

उजवीकडून खेजडीचं झाड गेलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाड, खाली दशमीचे कण. मग पुन्हा...

"अगं, मी वळलोच नाहीये," जयवंत पुटपुटला. "रस्ता सरळ आहे... एकदम सरळ..."

शेवंतीने मागे हात घालून मुलीचं कपाळ चाचपलं. घाम थांबला होता. अंग चुलीसारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय विसरलो. आणि इथे शीव तरी कुठे आहे? चहूकडे सारखीच वाळू. बिचारा फिरणार कुठून? पण बिचारा असला तरी त्याने तिच्या पोरीला धरलं होतं, आणि शेवंतीचं डोकं फिरलं.

"गाडी थांबवा."

तिने डिकीतून उरलेला कॅन ओढला.

"शेवंती, वेडी झालीस? शेवटचं पाणी आहे ते! पुन्हा उकळली तर तिघंही मरू!"

"अशीही पोर जातेच आहे. बाजूला व्हा."

गाडीच्या पुढे, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, तिने पाण्याची धार धरली. कॅन खडखडीत झाला. पेला तिने धारेच्या अलीकडे आदळला, पदर खोचला आणि गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवळात म्हातारे घालतात तसं, फक्त हात न जोडता.

"बोलावलंय तुका मी, आता धाडतलंय पण मीच! तहानलेलो असशीत, तर ह्या घे, सगळा घे. पण माझ्या चेडवाक सोड. ही तुझी शीव. हयसून फाटी फिर, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कुणीतरी हो म्हणावं लागतं. ती थांबली. पाठीमागून घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा..."

तिने वळूनही पाहिलं नाही. गाडीत बसली. फियाट ती ओली रेघ ओलांडून गेली. झाड पुन्हा दिसलं नाही. वनखात्याची चौकी दिसली तेव्हा अनुपमाच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि शेवंती त्या घामाकडे पाहून ढसाढसा रडली.

नाहूरला परतल्यावर एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "ऐन वेळी व्हय म्हाराजा म्हणालात, बरं झालं."

"मी नव्हतो गं," जयवंत म्हणाला. "मी तर तोंडच उघडलं नव्हतं..."

अनुपमा ठणठणीत झाली, शाळेत जाऊ लागली, भांडू लागली. फक्त उन्हाळ्यात दुपारी झोपली की झोपेतच भिंतीकडे सरकायची, एका माणसापुरती जागा ठेवून. शेवंती उंबऱ्यावर पाण्याची धार धरायची, मग येऊन त्या जागेत स्वतः आडवी व्हायची. हलत नसे. "हय मी आसंय," एवढंच म्हणायची.

पाठीखालची चादर रोज आधीच तापलेली असायची.