हुकावरचा ॲप्रन

तेवढा एकच दिवा राहू दे. आणि तू दात काढू नकोस रे, ही माझ्या वर्गमित्राची हकीकत आहे. जिवंत आहे तो. जाऊन विचार.

जीवशास्त्राचा प्राध्यापक. दर उन्हाळ्यात पदवीची पोरं हाताशी घेऊन संशोधन प्रकल्प चालवायचा. माहितीपत्रकात छापलेलं, ‘विद्यार्थी आणि प्राध्यापक, खांद्याला खांदा लावून!’ खांदे पोरांचे, फोटो याचा.

प्रयोगशाळेच्या टोकाला नमुने ठेवायची शीतखोली. आत उणे वीस. आतली कडी बिघडलेली. पोरं सांगून थकली. हा म्हणायचा, “बघू.” शेवटी पोरांनीच रीत पाडली. आत जाताना ॲप्रन काढून बाहेरच्या हुकावर टांगायचा. हुकावर ॲप्रन म्हणजे आत माणूस.

गेल्या वर्षी एक मुलगी रात्रभर आत अडकली. सकाळी सापडली ती... जाऊ दे.

चौकशीत यानं सांगितलं, “ॲप्रन टांगलाच नव्हता. निष्काळजी होती.” समोर तिचे वडील. म्हणाले, “सर, ती घरी गॅससुद्धा दोनदा बघायची हो.” कोण ऐकतंय! मी आमच्या पेपरात लिहायला घेतलं, तर संपादक म्हणाले, पुरावा आण. अजून डोकं फिरतं माझं.

यंदा, जूनचा दुसरा शनिवार. रात्रीचे साडेदहा. सोमवारी परिषदेत याचं भाषण, तेही तिनेच जमवलेल्या नमुन्यांवर! ते काढायला हा एकटा गेला. कडी आता नवी होती. तरी ॲप्रन टांगला. आत शिरला.

दार मिटलं.

नवी कडी... फिरेना.

फोन बाहेर टेबलावर. यानं दार बडवलं. थांबला. बाहेर काहीतरी सरकलं. हुकावरून कापड... कुणीतरी काढत होतं.

“कोण आहे?”

पावलं. हलकी. लांब गेली.

“अगं...” एवढंच बोलला. पुढे नाव घ्यायला जीभ रेटेना.

वाचला कसा? रखवालदार फेरीला आला, हुक रिकामा बघून पुढे गेला. पहाटे परत आला, तर दार सताड उघडं आणि हा उंबऱ्यावर. दोन बोटं गेली.

दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, “गेल्या वर्षी, त्या रात्री... सकाळी पाहुणे यायचे होते. हुकावर लोंबणारा तिचा ॲप्रन बरा दिसेना. मी काढला, घडी घालून माझ्या खुर्चीवर ठेवला. आत... डोकावलो नाही.”

“हे कुणाला माहीत आहे?”

“बायकोलासुद्धा नाही.”

मी तिथल्या तिथे तिच्या वडिलांना फोन लावला आणि याच्या कानाला धरला. “बोल! हेच बोल, शब्द न शब्द.” रडायला लागला. रड म्हटलं, पण बोल. बोलला.

मग तडक कॉलेजात गेलो. याच्या खोलीला कुलूप, शिपायानं उघडलं. भर दुपार, पंखा बंद, खिडकीतून ऊन आत आलेलं. खुर्चीवर याचा ॲप्रन. नीट घडी घातलेला.

उचलायला गेलो.

फळीसारखा ताठ. गोठलेला.

खालची खुर्ची उन्हानं तापली होती. आणि कोरडी होती.