जर्राहाची पिवळी लड

तेलगावचा माणूस धापा टाकत माजलगावच्या ठाण्यात शिरला, तेव्हा पोलीस अमीन सुंदरराव पानाला चुना लावत होते. ख्वाजा जर्राहानं विषारी दोऱ्यानं जखमा शिवल्या, पंडित नावाचा गडी दगावला, बिभीषण मरायला टेकलाय आणि गावानं ख्वाजाला बांधून ठेवलंय, असं त्यानं एका दमात सांगितलं. कसलं पान अन् कसलं काय! सुंदरराव घोड्यावर बसले.

ख्वाजा, जखमा शिवणारा जर्राह, काही आजकालचा नव्हता. दगडीपाल्याच्या रसात हळद घालून तो रेशमी दोरा उकळायचा आणि त्या दोऱ्यानं शिवलेली जखम सहसा चिघळायची नाही. वडवणीपासून माणसं बैलगाडीत घालून त्याच्याकडं आणत.

बिभीषण बद्रीनाथाच्या ओसरीवर पडला होता. बद्रीनाथाचे वडील वारले म्हणून हा मेव्हणा भेटायला आला आणि दावणीच्या बैलानं त्याची मांडी फाडली. आता जखमेचा वास दारापर्यंत येत होता. त्याची बहीण, बद्रीनाथाची बायको साखराबाई उशाशी वारा घालत होती. पांढऱ्या वरणाची वाटी तशीच पडली होती.

मुंडण केलेला बद्रीनाथ पुढं आला. "साहेब, या ख्वाजाला बीडला न्या. याला सोडलं तर आमी सोडणार न्हाई."

सुंदररावांनी अंगणात बांधलेल्या ख्वाजाचे हात सोडवले.

"दोरा कोण भिजवतं?"

"पहिलं माझी बीबी जैनबबी भिजवायची. तिची नजर गेली."

"मग आता?"

ख्वाजानं ओसरीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मीच, साहेब."

"यावेळी वेगळं काय घातलंस?"

"काय बी न्हाई. पाला अन् हळद. बापापासून तेच."

त्याच्या डब्यात दोन लडी होत्या. एक जुनी, संपत आलेली. दुसरी नवी, जिनं पंडित आणि बिभीषण शिवले होते. दोन्ही पिवळ्या. डोकं चालेना म्हणून सुंदररावांनी पुन्हा पान लावलं आणि त्याच बोटांनी लडी चाचपल्या.

जुन्या दोऱ्यावर लाल डाग उमटला. नव्यावर काहीच नाही. त्यांनी मुद्दाम ओला चुना नव्या लडीला चोळला. पिवळी ती पिवळीच.

चुन्यानं हळद लाल होते, हे कुठल्याही बाईला विचारा. नव्या लडीत हळदच नव्हती!

सुंदररावांची नजर वरणाच्या वाटीवर गेली.

"ख्वाजा, तू खोटं बोललास," ते हळू म्हणाले. "तुला हळदीची बंदी नव्हती. तू भिजवला असतास तर ती घातली असतीस. हे वरण आजाऱ्याचं पथ्य म्हणून पांढरं आहे, असं मला वाटलं होतं. पण हे सुतकाचं घर. इथं मयत झाल्यापासून हळद बंद. दोरा या घरातून गेला आणि तू ते नाव झाकतोयस. साखराबाई, पिवळं कशानं केलंत?"

हातातला पंखा थांबला.

"झेंडूनं," साखराबाई म्हणाली. "जैनबबीची नजर गेल्यापासनं मीच भिजवते. ख्वाजाभाईचा डबा रिकामा होत आलता. म्हटलं, गुण पाल्यात हाय, हळद नुसती रंगाला. अन् तवा सुतकाचं पहिलं दिवस, घरात चूल बी पेटवायची नव्हती. गार रसातच भिजवला, मागच्या दारानं दिला." तिनं भावाकडं पाहिलं. "मला काय ठाव, ह्यो भेटायला येईल अन् ह्येलाच लागंल."

सुंदररावांना कुठलंही कलम आठवेना, आणि आठवलं असतं तरी ते काय करणार होते?

साखराबाई उठली. सुतक संपलं नव्हतं, पण तिनं ओसरीच्या फळीवरचा हळदीचा डबा ओढला.

"ख्वाजाभाई, नवा दोरा करते. आत्ताच उकळते. पुन्यांदा शिवा."

ख्वाजानं मांडी पाहिली. काळिमा कमरेपर्यंत चढला होता.

"कर, बेटी," तो म्हणाला.

ती आत गेल्यावर त्यानं अमीनांकडं पाहून नकारार्थी मान हलवली. आत हळदीचं पाणी उकळू लागलं होतं.