पाच गीगाहर्ट्झचा माग

"जुळलं!" भाग्येश ओरडला, तसा प्रिस्किलाने त्याच्या तोंडावर हात दाबला. शांतीलालच्या अंगणाबाहेर भाग्येशच्या मोबाईलवर आपोआप शाळेचं वायफाय लागलं होतं. पण शाळा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला!

शांतीलाल हा खांडबाऱ्याजवळच्या त्यांच्या शाळेचा लिपिक. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने शाळेच्या ओट्यावरून जाहीर केलं होतं, "वायफायचा नवा डबा या प्रिस्किलाने बिघडवला!" सगळ्या गावासमोर तिच्या वडिलांना हात जोडून माफी मागावी लागली. ते हात आठवले की तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. सूड घ्यायचाच, अन् त्याच ओट्यावर!

"डबा दुरुस्तीला नेला म्हणे," भाग्येश कुजबुजला. "मंग आठे, याच्या दारात कसा?"

"डबा बसवणाऱ्या दादाने मला सांगितलंय. शाळेत आता जुना डबा आहे. त्याची लाट एकच, हळू पण लांब जाणारी. नव्या पिढीचा डबा वेगवान लाटही सोडतो, पाच गीगाहर्ट्झची. ती भिंतींपुढे लवकर दमते. तुझ्याकडे कुठली दिसतेय?"

"पाच! अन् पट्ट्या पूर्ण! आळश्याने नावसुद्धा बदललं नाही!"

प्रिस्किला तडक सरपंच रूपीबाईंकडे गेली. तासाभरात निम्मं गाव शांतीलालच्या दारात!

"वारावर येस ते, शाळामाईन!" लाट शाळेतूनच वाऱ्यावर येते, असं सांगत शांतीलाल हसला. "मन्हा घरमा काय शे?"

"मग शाळेकडे चालत जाऊ," प्रिस्किला म्हणाली. "जवळ गेल्यावर लाट वाढायला हवी ना?"

भाग्येश मोबाईल धरून पुढे, गाव मागे. चार घरं ओलांडली अन् पाचची लाट गुल! मागे फिरताच पट्ट्या भरल्या. शांतीलालचा चेहरा खर्रकन उतरला.

रूपीबाई घरात शिरल्या अन् दारातच थबकल्या. देव्हाऱ्यात झेंडूच्या माळेआड डब्याचे दिवे लुकलुकत होते. पठ्ठ्याने चोरीच्या डब्याचीही लक्ष्मीपूजनाला पूजा केली होती! हळदीकुंकवाखाली शाळेचा शिक्का स्पष्ट दिसत होता.

"पोरी, तुझ्या डोक्याला तोड नाही!" रूपीबाईंनी तिची पाठ थोपटली.

"शाबासकी नंतर, मावशी. आधी ओटा."

त्याच ओट्यावर, सगळ्या गावासमोर शांतीलालला खरं सांगावं लागलं. मग त्याने प्रिस्किलाच्या वडिलांपुढे हात जोडले आणि पुटपुटत माफी मागितली.

"अजून एकदा," प्रिस्किला म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही आलं."