नवव्या हिरवळीवरचे डाग

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. गोल्फ क्लबचा थोरला माळी बिस्किटांच्या डब्यात गवताचा चौकोन घेऊन वहिनींच्या दारात उभा राहिला. गवतावर नाण्याएवढे पांढुरके डाग होते.

"नवव्या खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवरची बुरशी," तो म्हणाला. "माझा सख्खा धाकटा भाऊ औषधात पाणी घालतोय. उद्या सेक्रेटरी त्याला काढणार आहेत. पुरावा तेवढा मिळवून द्या."

वहिनी खासगी तपास करत, सोबत नणंद असे. शाळेत वन्संचा कायम पहिला नंबर. पण प्रत्येक प्रकरणात वहिनींनाच आधी कळायचं आणि वन्संचा जळफळाट व्हायचा.

क्लबच्या गुदामात लाल आणि निळे डबे रचले होते.

"वन्सं, तुमची नजर चांगली. तळची बारीक अक्षरं वाचा बरं."

वन्संनी मोठ्यानं वाचलं. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतलं रसायन तेच. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

"आठ वर्षं आलटून पालटून मारतोय," थोरला छाती काढून म्हणाला. "एकदा लाल, एकदा निळा. बुरशीला एकाची सवय लागू देत नाही!"

गुदामवाला कुरकुरला, "माझ्यावर आळ नको हं. सोमवारचा सीलबंद डबा दादांनी माझ्यासमोर फोडला, लगेच स्वतःच नवव्या हिरवळीवर फवारला. उरलेला नंतर धाकट्यानं नेला."

धाकटा कुंपणापाशी गवताचा छोटा तुकडा वाढवत होता.

"इथे आजवर कधीच फवारलं नव्हतं, बाई. डाग पडले, म्हणून उरलेलं मारलं. गेले."

"बघा!" थोरला उसळला. "स्वतःच्या गवताला औषध, माझ्या हिरवळीला पाणी!"

"दादा, चारदा सांगितलं, वेगळ्या जातीचं औषध मागवा."

"तू शिकवणार मला? यंत्र धरायला कुणी शिकवलं तुला?"

वन्संनी वहिनींचा पदर ओढला. "सरळ आहे. धाकटाच चोर." एकदा तरी आधी आपण बोललो!

"उलट आहे, वन्सं," वहिनी म्हणाल्या आणि सगळ्यांना सेक्रेटरींच्या खोलीत घेऊन गेल्या.

"दादा, सोमवारचा डबा तुम्हीच फोडलात, तुम्हीच फवारलात. पाणी घालायला धाकट्याला वेळच कुठे होता? त्याच डब्यानं त्याचे डाग गेले. म्हणजे औषध अस्सल. फरक बुरशीत आहे."

"बुरशी ती बुरशी!"

"नाही. दर फवारणीत नाजूक बुरशी मेली, एखादी दांडगी वाचली. तिचीच पिलावळ वाढली. आठ वर्षांत नवव्या हिरवळीवर औषधाला न जुमानणारीच उरली. कुंपणापाशी औषध कधी गेलंच नव्हतं, तिथली पहिल्याच फवाऱ्यात मेली."

"पण मी औषध बदलत होतो!"

"बदलत होता तो फक्त डबा. वन्संनी तुमच्यासमोर वाचलं, आत तेच रसायन. धाकट्यानं चारदा सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. का?"

 थोरल्याचा आवाज फाटला. "सभासद येतात, हात मिळवतात ते त्याच्याशी. हिरवळ माझी, शाबासकी त्याला! आता औषधही त्याच्या सांगण्यावरून आणू?"

वन्संनी मान खाली घातली. त्याचा राग त्यांना फारच ओळखीचा वाटला.

धाकट्याची नोकरी राहिली. वेगळ्या जातीचं औषध आलं, दोन महिन्यांत हिरवळ सावरली. गुदामवाल्यानं पुढे स्वतःचं बियाण्याचं दुकान काढलं. वहिनी चौऱ्याण्णव साली गेल्या. वन्संनी त्यानंतर एकच प्रकरण एकटीनं सोडवलं, पण सांगायला माणूस नव्हतं म्हणून हे काम बंद केलं.

थोरला त्या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी निवृत्त झाला, जागा धाकट्याला मिळाली. चूक त्यानं कधी कबूल केली नाही. पण ओल्या पातीवर बुरशी लवकर धरते, म्हणून गुडघे चालले तोवर तो रोज उजाडता नवव्या हिरवळीवर यायचा आणि लांब बांबू फिरवून दव झाडायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "धाकट्याला काय जमतंय हे!"

धाकटा झाडाआड थांबून राही आणि दादा गेल्यावरच कामाला येई.