पाकिटातला पुठ्ठा

मंगळवारी सकाळी दारावर टकटक झाली तेव्हा टायपिस्ट आधीच वैतागलेला होता. टेलिफोन बंद पडून पाच दिवस झाले होते, तीन तक्रारी झाल्या होत्या, आणि टाइपरायटरची फीत इतकी झिजली होती की प्रत्येक अक्षर दोनदा ठोकावं लागे. कोर्टातून निवृत्त झाल्यावर ताईंचे चौकशी अहवाल टंकून देण्याचं काम त्याने हौसेनं घेतलं होतं. ताई म्हणजे त्या गावातल्या एकुलत्या एक खासगी गुप्तहेर. कामात वाघीण, पण मनातलं काही सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. टायपिस्टाचा खरा वैताग तोच होता.

आलेली बाई शिवणकाम करणारी होती. विचारावं लागलं नाही, कारण कॉलरला दोन टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. तिने एक मोठं तपकिरी पाकीट टेबलावर ठेवलं.

"यातून चोरी झालीय," ती म्हणाली. "आणि चोर मी आहे, असं माझ्या तीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीला वाटतंय."

मग तिने सगळं सांगितलं. तिची शाळेपासूनची मैत्रीण नर्स. नवरा पाळक, मिशनचा माणूस. दोघं दूर डोंगरात मिशनचा दवाखाना चालवतात. सहा वर्षांनी, तीन महिन्यांच्या सुट्टीवर, पंधरा वर्षांच्या लेकीला घेऊन ती दोघं घरी आली होती आणि शिवणबाईकडेच उतरली होती. परत जायच्या आधी मिशन मंडळाला तब्येतीचा दाखला लागतो. गेल्या सोमवारी नर्सच्या छातीचा एक्स-रे काढला, आणि मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या फुप्फुसावर डाग आहे.

"जुना असेल तर काही नाही, भरून आलेला व्रण. नवा असेल तर दुखणं मोठं. सहा वर्षांपूर्वी जाताना काढलेली फिल्म आणा, म्हणाले. शेजारी शेजारी धरली की पाच मिनिटांत कळेल."

जुनी फिल्म शिवणबाईच्या घरीच होती, माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेत. आल्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा सगळ्यांनी ती खिडकीशी धरून पाहिली होती आणि लेक आईच्या बरगड्या मोजून हसली होती. पण डाग निघाला त्याच मंगळवारी लेकीला सणसणून ताप भरला. तिला इस्पितळात ठेवलं आणि आई शनिवारपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिली. शनिवारी दुपारी नर्सने येऊन ट्रंक उघडली, तर पाकिटात फिल्म नव्हती. त्या जागी एक पुठ्ठा होता.

"तपासणारं दुसरं काही नाही का?" ताईंनी विचारलं.

"थुंकी तपासायला दिलीय. पक्का निकाल यायला सहा आठवडे. मंडळाची बैठक या शुक्रवारी. पुढची वर्षानं. जुनी फिल्म जिथे काढली त्या दवाखान्यात गेलो, तर पाच वर्षांवरचे कागद रद्दीत घातले म्हणे."

ताईंनी पुठ्ठा बाहेर काढला. नव्या शर्टाच्या घडीत घालतात तसला तो पांढरा पुठ्ठा होता, आणि त्याचा एक कोपरा तिरका दुमडून तोडलेला होता.

"असले पुठ्ठे माझ्याकडे ढीगभर आहेत," शिवणबाई आपणहून म्हणाली. "आणि जाऊ नकोस, राहा इथेच, हे मी तिला वर्षानुवर्षं म्हणतेय. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मंगळवार ते शनिवार घरात कोण कोण आलं?"

शिवणवर्गाच्या मुली सोडल्या तर दोघंच आले होते. गुरुवारी मंडळाचे चिटणीस, दवाखान्याचे जुने कागद न्यायला. त्यांचं पोट सुटलेलं, शिडी चढणं शक्यच नव्हतं, म्हणून शिवणबाईने विद्यार्थिनींच्या मदतीने ट्रंक खाली उतरवली. ती इतकी जड की परत चढवायचा कंटाळा आला. मागच्या खोलीतल्या कपाटाला टेकवून ठेवली, आणि चादर काढायची झाली तरी आधी ती सरकवावी लागे. शेवटी शनिवारी सकाळी शेजाऱ्याला हाक मारून वर चढवली. दुसरा आला तो पाळक. तो गावोगावच्या चर्चमधून दवाखान्याबद्दल व्याख्यानं देत फिरत होता. शुक्रवारी कपाटातले धुतलेले कपडे न्यायला अर्धा तास येऊन गेला. तेव्हा ती पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग घेत होती.

टायपिस्टाने सगळं लिहून घेतलं. त्याच्या मते प्रकरण सरळ होतं. चिटणीसच.

चिटणिसांच्या कचेरीत दीड तास बाकावर बसवून ठेवल्यावर तर त्याची खात्रीच पटली. माणूस गोड बोलत होता आणि हातातला कागद सोडत नव्हता. दवाखाना बंद करायचा प्रस्ताव शुक्रवारच्या बैठकीपुढे आहे, हे त्याने लपवलं नाही. नर्स गेली तर दवाखाना चालेल, नाही गेली तर बंद.

"म्हणजे त्या गेल्या नाहीत तर तुमचं काम सोपं होतं," ताई म्हणाल्या.

"होतं ना. पण डागाचं मला कळलं काल. डॉक्टरांचं पत्र सोमवारच्या टपालानं आलं. ही घ्या मोहोर." चिटणिसांनी पत्र सरकवलं. "गुरुवारी मी गेलो तेव्हा त्यांना साधी सर्दी झाल्याचंही मला माहीत नव्हतं. आणि कागद काढून दिले शिवणबाईंनी. मी खुर्चीवर बसून होतो."

बाहेर आल्यावर टायपिस्ट म्हणाला, मोहोर खोटीही असू शकते. ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला अशा वेळी राजीनामा द्यावासा वाटे, पण पगारच नव्हता तर राजीनामा कसला द्यायचा?

बुधवारी ती दोघं मिशनच्या अतिथीगृहात गेली. शनिवारच्या प्रकारानंतर नर्स कुटुंबासह तिकडे राहायला गेली होती. खोलीत तीन लोखंडी खाटा होत्या आणि एक खिडकी होती, ती उघडत नव्हती. नर्स बारीक, ताठ बाई होती. चार रात्री नीट झोप नसल्याचं तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

"सहा वर्षांनी घरी आलो ते काय, रांगेत उभं राहायला," ती म्हणाली. "रक्ताची रांग, थुंकीची रांग, दाखल्याची रांग. तिकडे माझ्या दारात रोज चाळीस माणसं येतात. इथे मी कुणाच्या तरी दारात. आणि काय झालंय ते कुणी सांगत नाही. मी नर्स आहे हो. नवा डाग म्हणजे काय, ते मला दुसऱ्यानं सांगायला नको."

मैत्रिणीबद्दल विचारल्यावर तिचा आवाज बसला. "मला अडवायचं म्हणून तिने असं करावं? मी मरते की जगते याच्या विचारात पडलेय, आणि हिने..."

शुक्रवारी नवऱ्याला फिल्म आणायला सांगितली होती का, असं ताईंनी विचारलं. होय, फोनवर सांगितली होती. पण ट्रंक माळ्यावर आहे, म्हणाला. त्याचा गुडघा दुखावलेला, काठी घेऊन चालतो, शिडी कुठून चढणार?

लेक कोपऱ्यातल्या खाटेवर पडून होती. ताप उतरला होता, डॉक्टर साधाच ताप म्हणाले होते, पण अंगात त्राण नव्हतं. ताईंनी तिच्याशी शाळेच्या गप्पा काढल्या. इथल्या शाळेत राहायला आवडेल का? तिने आईकडे चोरून पाहिलं आणि खांदे उडवले. मग ताईंनी शेजारच्या मासिकांच्या चळतीतलं एक मागितलं. पोरीने ते ओढून काढलं, उशाखालच्या गोळ्यांच्या खोक्याचा एक तुकडा घेतला, त्याचा कोपरा दुमडून तोडला आणि चळतीत मासिकाच्या जागी सरकवला. बोलता बोलता, तिकडे न बघता.

टायपिस्टाच्या मनात लख्ख उजेड पडला. जिन्यातच त्याने ताईंना गाठलं.

"पोरगी. कोपरा तोडलेला पुठ्ठा. तिला इथेच राहायचंय, शाळेत."

"ती मंगळवार ते शनिवार सलाइनची सुई लावून झोपलेली होती, भाऊ."

उजेड गेला. पालथ्या घड्यावर पाणी, असं ताई म्हणाल्या नाहीत, पण त्याला ते ऐकू आलं.

पाळक गेटजवळच्या बाकावर भेटला. उंच, देखणा माणूस, आवाज असा की ऐकत राहावा. दवाखान्याबद्दल बोलायला लागला की डोळे चमकत. बायकोच्या दुखण्याने आपण खचलो आहोत, असं तो म्हणाला. शिवणबाईंवर आपला आरोप नाही, पण वस्तू त्यांच्याच घरात होती, एवढंच.

"शुक्रवारी तुम्ही मागच्या खोलीत गेला होतात?"

"हो. कपाटातले कपडे काढले, पिशवीत भरले."

"ट्रंकेला हात नाही लावला?"

"ट्रंक माळ्यावर. मी या गुडघ्यानं दोन पायऱ्या चढताना देवाचं नाव घेतो."

ताईंनी मान डोलावली. व्याख्यानात दाखवतो ती दवाखान्याची चित्रं बघायची आपली फार इच्छा आहे, उद्या दुपारी ती घेऊन सगळ्यांनी कचेरीत यावं, अशी त्यांनी विनंती केली. पाळक क्षणभर थांबला आणि हो म्हणाला. टायपिस्ट चडफडला. बैठक दोन दिवसांवर आणि यांना चित्रं बघायची हौस.

गुरुवारी तीन वाजता त्या लहानशा कचेरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दोघी मैत्रिणी दोन टोकांना बसल्या होत्या. चिटणीस मंडळाचा अर्ज घेऊन आले होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. पाच वाजेपर्यंत अर्ज न आल्यास आपला नाइलाज आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पाळकाने चित्रांचं मोठं चपटं बाड गुडघ्याशी उभं धरलं होतं.

ताईंनी पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"हा पाहून सगळ्यांना वाटलं, पाकीट रिकामं लागू नये म्हणून घातला. पण फिल्म याच्या दुप्पट मोठी असते आणि लवलवते. या पुठ्ठ्यानं कुणीही फसलं नसतं. मग फसवायला नाही, तर घातला कशाला?"

ताई शिवणबाईकडे वळल्या. "तुम्ही पुठ्ठा कशानं कापता?"

"कात्रीनं. दुसऱ्या कशानं कापणार?"

"हा हातानं दुमडून तोडलाय. शिवणाऱ्या बाईचा हात कात्रीशिवाय पुठ्ठ्याला लागत नाही. आणि चिटणिसांना डागाचं सोमवारी कळलं. गुरुवारी त्यांना त्या फिल्मची किंमत काय? बाईसाहेब, तुमच्या दवाखान्यात कपाटातून कुणाचा केसपेपर बाहेर काढला तर काय करता?"

"जागेवर पुठ्ठा ठेवतो," नर्स म्हणाली. "एक कोपरा तोडून. म्हणजे परत कुठे ठेवायचा ते..." ती थांबली. तिने पुठ्ठ्याकडे जणू पहिल्यांदाच पाहिलं.

"तुमच्या लेकीनं काल माझ्यासमोर तेच केलं. तुमच्या घरात तिघांच्या हाताला ती सवय आहे. ज्याने फिल्म काढली त्याच्या डोक्यात चोरी होती, पण हातानं आपलं रोजचं काम केलं. तुम्ही आणि मुलगी इस्पितळात होतात."

उरलेल्या माणसाकडे कोणी बघत नव्हतं. टायपिस्टाने मात्र बघितलं. पाळकाचा चेहरा अगदी शांत होता.

"मला शिडी चढता येत नाही," तो म्हणाला.

"शिडीची गरज नव्हती. गुरुवारी ट्रंक खाली आली ती शनिवारी सकाळी वर गेली. शुक्रवारी ती कपाटाला टेकून होती. कपाटातले कपडे काढले, असं तुम्हीच सांगितलंत. ती सरकवल्याशिवाय ते दार उघडत नाही. जी वस्तू तुम्ही हातानं बाजूला केलीत ती माळ्यावर होती, असं तुम्ही बायकोला फोनवर सांगितलंत आणि काल मला सांगितलंत. शनिवारी ती वर चढवलेली सापडली, म्हणून तुमचं खोटं पचलं. पण तुम्ही फिल्म फेकली नाहीत. फेकणारा माणूस जागा राखत नाही. आणि एवढी मोठी फिल्म न दुमडता ठेवायला तुमच्याकडे एकच जागा आहे. बाड उघडता का?"

पाळकाने गाठ सोडली. दवाखान्याच्या दोन मोठ्या चित्रांच्या मध्ये ती काळी फिल्म होती.

नर्सने ती घेतली, पिशवीतून नवी काढली आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर टेकवल्या. टायपिस्टालाही दिसलं. उजव्या बाजूला दोन्हीकडे तोच पांढुरका ठिपका होता, तिथेच आणि तेवढाच. तिने दोन्ही ठिपक्यांवर आळीपाळीने बोट ठेवून पाहिलं.

"मी थकलो गं," पाळक तिच्या पाठीकडे बघून म्हणाला. "दर रविवारी उभा राहतो, लोकांना सांगतो की देवानं आम्हाला तिथे बोलावलंय. आणि मला स्वतःला तिथे परत जायचं नाही. हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, डॉक्टरच नाही म्हणाले तर कुणालाच काही बोलावं लागणार नाही. बैठक झाली की परत ठेवणार होतो."

"शनिवारपासून मी रोज रात्री मोजत होते," नर्स म्हणाली. "पोरीच्या लग्नापर्यंत पुरेन का, ते. तुम्ही शेजारच्या खाटेवर होतात. जागे होतात. मला माहीत होतं जागे आहात ते."

त्याने बाडाची सोडलेली गाठ पुन्हा बांधायला घेतली.

"नुसतं थकलो म्हणाला असतात, तर मी राहिले असते. दुसरा शब्द विचारला नसता."

मग माफी मागायला ती शिवणबाईसमोर जाऊन उभी राहिली. शिवणबाई म्हणाली, "बस आधी. पडशील." आणि तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

चिटणिसांनी घसा साफ केला. चार वाजून गेले होते. अर्ज भरायचा असेल तर आत्ताच. ताईंनी टायपिस्टाला खूण केली. त्याने अर्ज यंत्रात घातला, आणि नर्स सांगत गेली तसं प्रत्येक अक्षर दोनदा ठोकत राहिला. शिक्षण, अनुभव, प्रकृती. शेवटचा रकाना आला, सोबत जाणारे कुटुंबीय.

"मुलगी," ती म्हणाली, आणि थांबली. "नाही, ते रिकामं ठेवा. तिला विचारते. तिला आजवर कुणी विचारलंच नाही."

"आणि पती?" टायपिस्टाने विचारलं. विचारल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली.

पाळक पुढे झाला होता. काठी खुर्चीशीच राहिली होती, आणि आधारासाठी त्याने टेबलाची कड धरली होती. तो बायकोकडे बघत होता. येतो किंवा येत नाही, एवढंच त्याने स्वतःहून सांगायला हवं होतं, आणि ते आत्ताही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. ती थांबली. टायपिस्टाला वाटलं, फार वेळ थांबली.

"रेघ मारा," ती म्हणाली.